जे चित्र काढलेच नाही, ते फुटणार कसे?

विमानतळाची सुरक्षा : लेखांक पाचवा

मागच्या लेखात मेटल डिटेक्टरची चौकट कशी चालते ते पाहिले. तिची उणीवही पाहिली : तिला धातू कळतो, स्फोटक कळत नाही. २५ डिसेंबर २००९ रोजी ही उणीव साऱ्या जगाला दिसली. ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या विमानात उमर फारूक अब्दुलमुतल्लब या तरुणाने अंतर्वस्त्रात शिवून आणलेले पीईटीएन हे स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. स्फोट फसला आणि सहप्रवाशांनी त्याला पकडले. पण त्या भुकटीत धातू नव्हता, त्यामुळे कोणत्याही चौकटीने ती ओळखली नसती. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या विमानतळांवर पूर्ण शरीर तपासणारे स्कॅनर झपाट्याने बसू लागले.

हे स्कॅनर दोन जातींचे होते. ‘बॅकस्कॅटर’ यंत्र अतिशय सौम्य क्ष-किरण अंगावर सोडते; ते कपड्यांतून पार होतात, त्वचेवर आदळून परततात आणि त्यावरून चित्र तयार होते. दुसऱ्या जातीचे यंत्र मिलिमीटर लहरी वापरते. या रेडिओलहरींच्या कुळातल्या, त्यामुळे त्यांत क्ष-किरणांसारखे आयनीकारक प्रारण नसते. पण त्याही कपडे भेदतात आणि त्वचेवरून परावर्तित होतात. सुरुवातीला दोन्ही यंत्रांचा निकाल एकच होता : पडद्यावर कपड्यांविना दिसणारे माणसाचे शरीर. जर्मनीत लोकांनी या यंत्राला सरळ ‘नग्न स्कॅनर’ म्हणायला सुरुवात केली.

अमेरिकेतली वाहतूक सुरक्षा यंत्रणा, म्हणजे टीएसए, लोकांना धीर देत होती : चित्र पाहणारा कर्मचारी वेगळ्या बंद खोलीत बसतो, त्याला प्रवासी दिसत नाही. चेहरा पुसट केलेला असतो. तपासणी झाली की चित्र नष्ट होते आणि ते साठवून ठेवता येत नाही. मात्र ‘एपिक’ या खासगीपणासाठी झगडणाऱ्या संस्थेने माहितीच्या कायद्याखाली कागदपत्रे मिळवली, तेव्हा वेगळेच समोर आले. चाचणीच्या वेळी चित्र साठवण्याची आणि पाठवण्याची सोय यंत्रात असावी, अशी अटच टीएसएने उत्पादकांना घातली होती. विमानतळावर ती सोय बंद असते, असे उत्तर आले. पण जी सोय बंद करता येते, ती चालूही करता येते.

ही भीती हवेतली नव्हती. ऑगस्ट २०१० मध्ये उघड झाले की फ्लोरिडातल्या ऑरलँडो येथील न्यायालयाच्या प्रवेशद्वारावरच्या स्कॅनरने सुमारे ३५ हजार चित्रे साठवली होती. ते यंत्र विमानतळावरचे नव्हते आणि चित्रे बरीच अस्पष्ट होती. तरीही न्यायालयात कामासाठी आलेल्या सामान्य माणसांची चित्रे सरकारी यंत्रात पडून होती. चित्र एकदा तयार झाले की ते जपणे कोणाच्या तरी शब्दावर आणि शिस्तीवर अवलंबून राहते.

एपिक न्यायालयात गेली. जुलै २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की ही तपासणी घटनाविरोधी नाही. कारण प्रवासी स्कॅनर नाकारून अंगझडतीचा पर्याय घेऊ शकत होता. त्याच निकालात न्यायालयाने टीएसएला खडसावलेही : इतका मोठा बदल करण्यापूर्वी लोकांच्या हरकती-सूचना मागवणे तिला बंधनकारक होते. त्या हरकतींनंतरचा अंतिम नियम यायला मार्च २०१६ उजाडला.

खरा बदल मात्र यंत्राच्या पोटात झाला. अमेरिकी काँग्रेसने २०१२ च्या कायद्याने सक्ती केली की स्कॅनरने शरीराचे चित्र दाखवायचे नाही. संगणकानेच संशयास्पद जागा शोधायची आणि सर्वांसाठी सारख्या असलेल्या, लहान मुलाने काढलेल्या बाहुलीसारख्या आकृतीवर तेवढीच खूण करायची. मिलिमीटर लहरींच्या यंत्रांना हे जमले. बॅकस्कॅटर यंत्रे बनवणाऱ्या रॅपिस्कॅन कंपनीला मुदतीत जमले नाही, म्हणून २०१३ मध्ये ती यंत्रे अमेरिकी विमानतळांवरून निघाली. युरोपीय संघाने तर नोव्हेंबर २०११ मध्येच क्ष-किरणांच्या स्कॅनरला दार बंद केले आणि प्रवाशाला दुसरी तपासणी मागण्याचा हक्क दिला.

बाहुलीने लाज राखली, पण सगळ्यांची नाही. यंत्र सुरू करताना कर्मचारी प्रवाशाकडे पाहून स्त्री किंवा पुरुष असे बटण दाबत असे. त्यामुळे पारलिंगी प्रवाशांच्या आकृतीवर पिवळी खूण उमटे आणि सर्वांसमोर झडती होई. कर्करोगानंतर कृत्रिम स्तन वापरणाऱ्या स्त्रिया, पोटावर पिशवी असणारे रुग्ण यांनाही आपले आजारपण अनोळखी माणसाला सांगावे लागते. चित्र पुसले तरी हा उघडेपणा उरतोच, आणि त्याच्यावर उपाय कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणात आणि आडोशाच्या खोलीत आहे.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने एप्रिल २०१९ मध्ये ८४ संवेदनशील विमानतळांवर वर्षभरात बॉडी स्कॅनर बसवायला सांगितले. ती मुदत पाळली गेली नाही. या विलंबाचा एक फायदा घेता येईल : इतरांनी वाद घालून, खटले लढवून जे मिळवले, ते आपण पहिल्या दिवसापासून मागू शकतो. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. म्हणून प्रत्येक यंत्राबाबत तीन गोष्टी जाहीर व्हायला हव्यात. मूळ चित्र पाहण्याची वा साठवण्याची सोय त्यात कोणत्याही अवस्थेत आहे का? स्कॅनर नको असलेल्या प्रवाशाला हाताने झडतीचा पर्याय मिळेल का? आणि या दोन्हींची तपासणी सुरक्षा यंत्रणेबाहेरचे कोणी करणार का? ‘आम्ही चित्रे ठेवत नाही’ या उत्तरावर समाधान मानू नये. यंत्राला ती काढताच येत नाहीत, हे दाखवून मागावे.

(पुढील लेखांकात : चेहरा हाच बोर्डिंग पास – डिजियात्रा)