आई-बाबांच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा का? संशोधन काय सांगतं?

‘डिजिटल डिमेन्शिया’ हा शब्द 2012 मध्ये जर्मन मानसोपचारतज्ज्ञ मानफ्रेड स्पिट्झर यांच्या पुस्तकामुळे गाजला. स्क्रीनमुळे मेंदू कमजोर होतो, ही भीती तेव्हापासून घराघरात आहे.

एप्रिल 2025 मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’मध्ये वेगळंच चित्र आलं. जेरेड बेन्ज आणि मायकल स्कलिन या अमेरिकी संशोधकांनी 57 अभ्यासांतली 4,11,430 जणांची माहिती एकत्र तपासली. संगणक, इंटरनेट, स्मार्टफोन वापरणाऱ्या ज्येष्ठांमध्ये बौद्धिक क्षमता खालावण्याची शक्यता 58 टक्के कमी आढळली.

म्हणजे फोनने मेंदू वाचवला? तसं सिद्ध झालेलं नाही. शिक्षण, उत्पन्न विचारात घेऊनही फरक टिकला. पण स्मरणशक्ती ढासळू लागलेले लोक फोन आपणहून बाजूला ठेवतात, हेही खरं. शिवाय रात्री दोनपर्यंत रील्स पाहण्याला हे प्रमाणपत्र नाही.

नवं ॲप शिकताना होणारी डोकेफोड मेंदूला कामाला लावत असावी. त्यामुळे ‘द्या इकडे, मीच करतो’ म्हणत वीजबिल भरून टाकू नका, शेजारी बसा. फसवणूक झालीच तर 1930 वर लगेच कळवायचं, हेही शिकवा. आणि एरवी सहज बिल भरणारे बाबा तिथेच वारंवार अडखळू लागले, तर फोन बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा.