शेजारचा कुत्रा आणि आपली बाग

मुलांनो, तुम्ही मेथी पेरलीत आणि शेजारच्या कुत्र्याने वाफा उकरला, तर राग येणारच. पण दगड उचलू नका. प्राण्यांना क्रूरपणे मारणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय कुत्रा मुद्दाम नुकसान करत नाही. उन्हाळ्यात ओली माती थंड लागते, म्हणून तो ती उकरून बसतो. पुरलेल्या हाडांचा, मासळीचा वासही त्याला ओढून आणतो. असा कचरा बागेत पुरू नका. कुंपणातील फट बांबूच्या कामट्यांनी बुजवा. मग शेजाऱ्यांकडे जाऊन नम्रपणे सांगा, "काका, तुमचा कुत्रा आमच्या वाफ्यात शिरतो. त्याला जरा सांभाळाल का?" मेथी महिनाभरात पुन्हा येईल, तुटलेला शेजार मात्र लवकर जुळत नाही.