संपणारा खेळ

वाशिम जिल्हा संपून हिंगोली जिल्हा सुरू होतो, तिथं कनेरगाव नाका आहे. एसटीची वाट पाहणारी पोरं इथंही मोबाईलमध्ये मान घालून असतात. कुणाचा लुडो, कुणाचा बंदुकीचा खेळ. या खेळांना शेवट नसतो. संपले तर जाहिराती कुणाला दाखवणार?

त्याच मोबाईलवर चालणारे काही खेळ मात्र काही तासांत संपतात, आणि संपण्यासाठीच केलेले असतात. लहान चमूंनी स्वतःच्या हिमतीवर केलेले म्हणून त्यांना ‘इंडी’ म्हणतात. यातल्या कोड्यांच्या खेळांत बहुधा घड्याळ नसतं, गुण नसतात. एका अनोळखी जागेत तुम्हाला सोडून देतात. फिरायचं, काय हलतं ते चाचपायचं, कोडं सुटलं की पुढची वाट उघडते. गोष्ट सांगायला कुणी येत नाही; ती उजेडातून, आवाजातून, पडक्या भिंतींतून आपण गोळा करायची.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी ‘मॉन्युमेंट व्हॅली’ सुचवीन. लंडनच्या अस टू गेम्सने तो 2014 मध्ये आणला. इडा नावाची अबोल राजकन्या, दहा प्रकरणं, आणि चढत चढत गेलं तरी खालीच पोचवणारे जिने. डच चित्रकार एशरच्या चित्रांतून ही कल्पना आली. युक्ती साधी आहे. मोबाईलचा पडदा सपाट असतो. त्यामुळे लांबचा जिना आणि जवळचा ओटा एखाद्या कोनातून जोडल्यासारखे दिसतात. या खेळात दिसलं म्हणजे जोडलं! तुम्ही बोटानं मनोरा फिरवता, तुटलेली वाट सांधली जाते आणि इडा निवांत चालत पलीकडे जाते.

हिंगोलीकरांना यात नवल वाटू नये. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितलं, तेव्हा औंढा नागनाथाचं देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं, ही कथा इथं लहानपणीच कानावर पडते. नंदी मागे राहिला, तो आजही मागेच आहे. शिवाय त्या देवळाची बाहेरची भिंत शिल्पांनी भरलेली आणि गाभारा जमिनीखाली, वाकून उतरावं लागेल असा. पाटी न वाचता, नुसतं चालत जागा समजून घेण्याची ही रीत या खेळांनी शोधलेली नाही.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ 2020 मध्ये आला. त्याआधी 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारायचा प्रयत्न फसला होता. तरी खेळ पुरा झाला आणि 2020 च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळालं. राजी आणि गोलू ही अनाथ भावंडं. असुर गोलूला पळवतात आणि राजी त्याला शोधत निघते. पाच-सहा तासांचा मामला. मधली कथा छायाबाहुल्यांतून उलगडते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पडद्यामागे नाचताना पाहिल्यात, त्यांना ती भाषा लगेच कळेल. लढाया मला कंटाळवाण्या वाटल्या. एकदा त्रिशूळ फिरवायला जमलं की पुढे तेच ते. पण जिथं गोल चकत्या फिरवून भावाच्या आठवणींची चित्रं जुळवायची कोडी आहेत, तिथं हा खेळ खरा जिवंत होतो. ती कोडी थोडी आणि लढाया फार, ही माझी तक्रार.

इतरांची तक्रार वेगळी असते: असा खेळ फार लवकर संपतो. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ने 2014 च्या अखेरीस नवी प्रकरणं काढून त्यांचे वेगळे पैसे मागितले, तेव्हा चिडलेल्या लोकांनी एकेका ताऱ्याचे शेरे मारले. सिनेमाचं तिकीट काढताना मिनिटामागे किती पैसे पडले याचा हिशेब आपण करत नाही. इथंच का करतो?

असा खेळ खेळायचा असेल तर एकट्यानं, कानात हेडफोन घालून खेळा. एकदा उतरवून घेतला की ‘मॉन्युमेंट व्हॅली’ला रेंज लागत नाही. अडलात तर लगेच यूट्यूबवर उत्तर शोधू नका. दुसऱ्या दिवशी बघा, सुटतं.

आणि पुण्या-मुंबईत असे खेळ करू पाहणाऱ्यांनी एकदा औंढ्याची ती भिंत फिरून पाहावी. वाशिमकडून आलात तर रस्ता कनेरगाव नाक्यावरूनच आहे.