गूगलच्या दारांतील उमेदवार

सुशिक्षित घरांतून हल्लीं एक नवाच प्रसंग पाहावयास मिळतो. घरांतील मुलगा किंवा सून आपल्या खोलीचें दार लावून घेते. आजोबांस दूरदर्शनचा आवाज कमी करण्याची विनंती होते. कुकरची शिटी वाजूं नये म्हणून शेगडी विझविली जाते. आणि पाऊण तास सारें घर सोवळ्यांत असल्याप्रमाणें जपून वावरतें. आंत संगणकाच्या पडद्यावर कोणी एक अपरिचित गृहस्थ त्या तरुणाची वा तरुणीची परीक्षा घेत असतो. बाहेर आल्यावर “कशी झाली?” या प्रश्नास “सांगतां येत नाहीं” एवढेंच उत्तर मिळतें, आणि तें अक्षरशः खरें असतें. पुढें कांहीं आठवड्यांनीं नकाराचें दोन ओळींचें पत्र आलें, म्हणजे वडील मंडळी “नापास झाला” असा निकाल लावून मोकळी होतात. हा निकाल कितपत न्याय्य आहे हें पाहावयाचें, तर ही परीक्षा घेतात कशी, आणि ती घेणारांचा स्वतःचाच तिच्यावर कितपत विश्वास आहे, हें समजून घेतलें पाहिजे. त्यासाठीं आम्ही मुख्यतः गूगल ही एकच कंपनी घेतों. कारण तिच्या परीक्षेविषयीं उमेदवारांनीं जसें पुष्कळ लिहिलें आहे, तसेंच तिच्या अधिकाऱ्यांनींही बरेंच मोकळेपणानें सांगितलें आहे.

चमत्कारिक प्रश्न विचारण्याचा पहिला मान मात्र गूगलकडे जात नाहीं. विजेच्या दिव्यामुळें सर्वतोमुखीं झालेले टॉमस एडिसन हे आपल्याकडे नोकरीसाठीं येणाऱ्या पदवीधरांपुढें सुमारें दीडशें प्रश्नांची यादी ठेवीत असत. १९२१ सालीं ही यादी फुटून न्यूयॉर्क टाइम्स पत्रांत प्रसिद्ध झाली. व्होल्गा नदी कोठें आहे, कॉड मासे अटलांटिक महासागराच्या कोणत्या भागांतून येतात, अमुक लांबीरुंदीच्या खोलींतील हवेचें वजन किती, असे ते प्रश्न होते. त्याच वर्षीं बोस्टन येथें आलेल्या आइन्स्टाइन यांस वार्ताहरांनीं त्यांतील ध्वनीच्या वेगाचा प्रश्न घातला. तेव्हां जें पुस्तकांत सहज सांपडतें तें आपण डोक्यांत वागवीत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. एडिसनच्या कारखान्यांत त्यांस जागा मिळाली नसती, हें उघड आहे.

एडिसनचे प्रश्न माहितीचे होते. पुढच्या काळांतले कोड्यांचे झाले. रस्त्यांतील गटाराचें झांकण वाटोळेंच कां असतें, हा मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींतील प्रश्न म्हणून प्रसिद्ध आहे. (चौकोनी झांकण तिरपें केल्यास आंत पडूं शकतें, वाटोळें पडत नाहीं, हें त्याचें सर्वमान्य उत्तर.) शाळेच्या एका बसगाडींत गोल्फचे किती चेंडू मावतील, हा गूगलच्या नांवावर जमा असलेला प्रश्न. २००४ सालीं तर या कंपनीनें कमालच केली. सिलिकॉन व्हॅलींतून जाणाऱ्या १०१ क्रमांकाच्या हमरस्त्यावर एक भला मोठा फलक लागला. त्यावर कंपनीचें नांव नाहीं, नोकरीचा उल्लेख नाहीं. नैसर्गिक लॉगरिथमचा पाया जी ‘ई’ ही संख्या, तिच्या अंकमालिकेंत लागोपाठच्या दहा अंकांनीं बनणारी पहिली मूळ संख्या कोणती, एवढेंच विचारून पुढें ‘डॉट कॉम’ लिहिलेलें होतें. ज्यास ७४२७४६६३९१ हें उत्तर सांपडलें, त्यास त्या पत्त्यावर दुसरें कोडें भेटे. तें सुटलें म्हणजे गूगलकडे अर्ज करण्याचें निमंत्रण. स्वयंवरांतील पण याहून फारसे निराळे नसावेत.

प्रत्यक्ष परीक्षेचा क्रम मात्र साधा आहे. प्रथम अर्ज, मग भरती खात्यांतील माणसाचें संभाषण, मग दुरून घेतलेली एक चाचणी, आणि यांतून जो पार पडेल त्यास पूर्ण दिवसाची मुलाखत. त्या दिवशीं चार-पांच परीक्षक एकामागून एक येत. प्रत्येकाचा सुमारें पाऊण तास. आणि भिंतीवर एक पांढरा फळा. संगणकाच्या धंद्यांतील ही परीक्षा पुष्कळ वर्षें संगणकास हात न लावतां होत असे, हें ऐकून जुन्या पंतोजींस समाधान वाटावें! उमेदवारानें फळ्यावर आज्ञावली लिहावी आणि परीक्षकानें ती टिपून घ्यावी. मध्यंतरीं कंपनींतील एखादा मनुष्य त्यास जेवावयास घेऊन जाई. त्या जेवणाचे गुण धरीत नसत. आपल्याकडील वधूपरीक्षेंतील पोह्यांविषयीं असें म्हणतां येणार नाहीं.

प्रश्नांची जात कोणती असते, याची कल्पना कुलवृत्तांतावरून येईल. कुलवृत्तांतांत मूळपुरुषापासून जसा वंशवृक्ष काढतात, तसाच माहितीचा वृक्ष संगणकशास्त्रांतही असतो. आणि ज्या वृक्षांत प्रत्येक घरास फार तर दोनच शाखा फुटतात, तो द्विशाखी वृक्ष. प्रत्येक पिढींत डावी शाखा उजवीकडे व उजवी डावीकडे नेऊन हा वृक्ष आरशांतल्याप्रमाणें उलटा करण्याची आज्ञावली लिहा, असें सांगतात. युक्ति सुचली तर काम पांच-सहा ओळींचें आहे. न सुचली तर तोच पाऊण तास युगासारखा वाटतो. जून २०१५ मध्यें मॅक्स हॉवेल या आज्ञावलीकारानें जाहीरपणें लिहिलें कीं, ‘होमब्रू’ हें आपण निर्माण केलेलें साधन गूगलचे बहुतेक अभियंते वापरतात. परंतु तो वृक्ष फळ्यावर उलटा करतां न आल्यामुळें आपणांस नाकारण्यांत आलें. त्याच्या या ओळींवर केवढा तरी वाद माजला. सुताराच्या खुर्चीवर रोज बसावयाचें, आणि लांकडाच्या जाती तोंडपाठ नाहींत म्हणून त्यालाच दारांतून परत पाठवावयाचें, असा हा व्यवहार आम्हांस वाटतो. कंपनीच्या बाजूनें इतकेंच म्हणतां येईल कीं, चांगले कांहीं परत गेले तरी चालतील पण वाईट एकही आंत येऊं नये, हें धोरण तिनें कधीं लपवून ठेवलेलें नाहीं.

आपल्याकडील मुलांस जी अडचण पडते ती याहून निराळी, आणि आमच्या मतें अधिक विचार करण्याजोगी आहे. परीक्षक प्रश्न मुद्दाम अर्धवट सांगतो. संख्या किती मोठ्या, त्या क्रमानें लावलेल्या आहेत कीं नाहींत, त्यांत पुनरुक्ति आहे काय, हें उमेदवारानें स्वतः होऊन विचारावें अशी अपेक्षा असते. मग उत्तर शोधतांना त्यानें मोठ्यानें विचार करावा. चुकीची वाट धरली तर ती कां सोडली हेंही बोलून दाखवावें. आणि परीक्षकानें एखादी खूण सुचविली तर ती आनंदानें उचलावी. आतां आपल्या शिक्षणाची तऱ्हा पाहा. मास्तरांस उलट प्रश्न विचारणें हा उद्धटपणा. उत्तर पूर्ण तयार झाल्यावांचून तोंड उघडणें हा उतावळेपणा. आणि शेजारून मिळालेली सूचना घेणें ही तर शुद्ध चोरी. अशा संस्कारांत वाढलेला बुद्धिमान मुलगा त्या फळ्यापुढें वीस मिनिटें गप्प उभा राहतो. त्याच्या डोक्यांत चार पद्धती तपासून होतात, पण परीक्षकाच्या कागदावर त्यांतील एकीचीही नोंद होत नाहीं. तेथें केवळ मौनाची नोंद होते. घरांत जेवतांना मुलांनीं बोलूं नये, मोठ्यांच्या संभाषणांत तोंड घालूं नये, या नियमांची किंमत कोठें कोठें द्यावी लागते पाहा! तयारीसाठीं मार्गदर्शक ग्रंथ निघाले आहेत. गूगलमध्यें काम केलेल्या गेल लाकमन मॅक्डॉवेल या बाईंचें २००८ सालीं निघालेलें पुस्तक तर आपल्याकडील मॅट्रिकच्या गाइडांप्रमाणें हातोहातीं फिरतें. परंतु बोलतां बोलतां विचार करण्याची संवय पुस्तकानें लागत नाहीं. घरांतील कोणासही समोर बसवून, त्यास विषय कळो वा न कळो, मोठ्यानें उत्तर सांगण्याचा अभ्यास केल्यानेंच ती लागते. आजीबाईंस हें काम उत्तम जमेल.

आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. गूगलमध्यें परीक्षक स्वतः निकाल देत नाहीं. तो आपलें टिपण व गुण लिहून देतो, आणि तीं सारीं टिपणें उमेदवाराचें तोंडही न पाहिलेल्या एका मंडळापुढें जातात. परीक्षकाच्या लहरीला आळा बसावा हा त्यांतील हेतु. पण मंडळही माणसांचेंच. तेथें सुमारें अडीचशें मुलाखती घेतलेल्या एका अभियंत्यानें पुढें एका जाहीर व्याख्यानांत सांगितलेली हकीकत मोठी बोलकी आहे. तो ज्या मंडळावर होता त्याच्यापुढें भरती खात्यानें एकदां कांहीं उमेदवारांचीं टिपणें ठेवलीं. मंडळानें सर्वांस नकार दिला. आणि मग उघड झालें कीं तीं टिपणें मंडळाच्या सभासदांच्याच जुन्या मुलाखतींचीं होतीं.

कंपनीनेंच आपल्या परीक्षेची परीक्षा घेतली, हें तिच्या पदरीं पुण्य म्हणावें. २०१३ सालीं मनुष्यबळ खात्याचे त्या वेळचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनीं न्यूयॉर्क टाइम्सशीं बोलतांना सांगितलें कीं, हजारों मुलाखतींचे गुण व त्याच माणसांचें पुढील काम ताडून पाहतां परीक्षकाच्या मताचा आणि कामाचा कांहींही संबंध आढळला नाहीं. कोड्यांचे प्रश्न केवळ वेळेचा अपव्यय असून त्यांनीं विचारणारासच आपण शहाणे आहों असें वाटतें. आणि विद्यापीठांतील गुणही नुकत्याच बाहेर पडलेल्या पदवीधरांखेरीज इतरांच्या बाबतींत निरुपयोगी आहेत. हें शेवटचें वाक्य आमच्या गुणपत्रिकाभक्त घरांतून फ्रेम करून लावण्याजोगें आहे. २०१५ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं आणखी लिहिलें आहे कीं, पूर्वीं कांहीं उमेदवारांच्या पंचवीसपर्यंत मुलाखती होत. तपासाअंतीं चारच पुरेशा ठरल्या. त्यानंतर सर्वांस ठरीव प्रश्न ठरीव रीतीनें विचारण्यावर भर आला.

फळ्यापुढें उभें राहण्याचें भय हेंही एक प्रकरणच आहे. २०२० सालीं नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनीं ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. अर्ध्यांनीं एकांतांत बसून प्रश्न सोडविला, अर्ध्यांनीं परीक्षकासमोर मोठ्यानें बोलत. दुसऱ्या गटाचें काम पहिल्याच्या निम्म्यानेंच उतरलें. आणि त्यांतील स्त्रियांपैकीं एकीसही उत्तर आलें नाहीं, तर एकांतांतील सर्व स्त्रियांस आलें. संख्या लहान आहे, हें खरें; तरी मुलींच्या आईबापांनीं तें ध्यानांत ठेवावें. यंत्राच्या हातीं निवड दिल्यानें हा दोष जातो असेंही नाहीं. ॲमेझॉन कंपनीनें अर्ज पारखणारें एक यंत्र बनविलें. मागील दहा वर्षांच्या, म्हणजे बहुतांशीं पुरुषांच्याच, अर्जांवर तें शिकलें, आणि अर्जांत ‘स्त्रियांचा’ हा शब्द दिसतांच गुण कापूं लागलें. तें पुढें सोडून द्यावें लागल्याचें वृत्त रॉयटर्सनें २०१८ सालीं दिलें.

नाकारलेल्यांचें पुढें काय होतें? २०१० सालीं गूगलनें आपण नाकारलेले तीन लाख अभियंत्यांचे अर्ज पुन्हां चाळले, त्यांतील दहा हजारांचा फेरविचार केला, आणि दीडशें जणांस नोकरी दिली. हे दीडशें लोक नकाराच्या दिवशीं एक होते आणि होकाराच्या दिवशीं दुसरे झाले, असें थोडेंच आहे! दुसरें उदाहरण ब्रायन ॲक्टन यांचें. २००९ सालीं फेसबुक व ट्विटर या दोन्ही कंपन्यांनीं त्यांस नाकारलें; त्यांनीं एका सहकाऱ्यासह व्हॉट्सॲप काढलें; आणि २०१४ सालीं तेंच फेसबुकनें १९ अब्ज डॉलरांस घेण्याचा सौदा केला. अर्थात् असे ॲक्टन एखादेच; पण त्या दीडशें जणांसारखे पुष्कळ असतील.

२०२० च्या महामारींत मुलाखती पडद्यावर आल्या आणि बराच काळ तेथेंच राहिल्या. आतां त्यांसही नवें विघ्न आलें आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें उमेदवाराच्या पडद्यावर गुपचूप उत्तर लिहून देऊं लागलीं, आणि समोरचा बोलतो आहे कीं त्याच्या आडून यंत्र बोलतें आहे, हें परीक्षकास कळेना. तेव्हां निदान एक फेरी तरी प्रत्यक्ष समोर बसवून घेण्याचा बेत सुंदर पिचाई यांनीं २०२५ सालीं बोलून दाखविला. म्हणजे उमेदवारास पुन्हां फळ्यापुढें उभें राहण्याची तयारी ठेवली पाहिजे. आणि बिनगुणांचें तें दुपारचें जेवणही कदाचित् पुन्हां मिळूं लागेल.