बाणाचा बाक

आज विजयादशमी. घरोघरी शस्त्रांना गंधफूल वाहिले जात असताना एका विस्मृत गुरूचे स्मरण उचित ठरेल. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक बाण घडविणारा कारागीर आहे. कामात तो इतका गढला होता की, शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला तिचे भान नव्हते. एकनाथ महाराजांनी याच स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केली. त्यामुळे हा कारागीर मराठी भाविकांनाही परिचित आहे.

परंतु त्याचे चित्त नेमके कशात गुंतले असेल? आमच्या मते कांडीचा बाक काढण्यात. पिसे बांधणे सवयीने साधते, हे साधत नाही.

'शर' म्हणजे बाण आणि 'शर' म्हणजे बोरूसारखे गवतही. त्याच्या कांडीवरूनच बाणाला हे नाव मिळाले. कांडी फार जाड नको, फार बारीक नको, कोवळी तर नकोच. पिकलेली, पांढुरकी आणि योग्य वेळी कापलेली असावी, असे धनुर्वेदाचे ग्रंथ सांगतात. कोवळी कांडी वाळताना आकसते व वाकते. बाक काढण्यासाठी कांडी निखाऱ्यांवर फिरवून शेकतात. उष्णतेने तिचे तंतू नरम पडले की बाक उलट दिशेस किंचित अधिक दाबायचा आणि कांडी निवेपर्यंत सोडायची नाही. अधिक तापली तर ती ठिसूळ होते. घाई केली तर तडकते. वेळूच्या बाणाचीही हीच रीत. शिवाय दमट हवेत गेलेला बाक परत येतो, म्हणून पावसाळा सरताच बाण पुन्हा पाहावे लागतात. दसरा नेमका त्याच सुमारास येतो!

संपूर्ण लोखंडाचा 'नाराच' टिकाऊ खरा, पण जड. अमेरिकेत डग ईस्टन यांनी १९३९ च्या सुमारास ॲल्युमिनियमचे बाण आणले. ते वाकले तर यंत्राने सरळ होतात. मात्र वारंवार वाकविलेला धातू त्याच जागी दुबळा होतो.

आजच्या स्पर्धांतून कार्बनचे बाण सर्रास दिसतात. २०२३ मध्ये बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड धनुष्याची जागतिक अजिंक्यपदे मिळविल्यापासून आपल्याकडील मुलांतही या खेळाची ओढ वाढली असेल, तर नवल नाही. त्यांच्या पालकांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. कार्बनचा बाण वाकून राहत नाही. तो सरळ असतो, नाही तर तुटलेला असतो. दगडावर आपटून गेलेली बारीक चीर डोळ्यांना दिसतेच असे नाही. तसा बाण सोडताना फुटला, तर त्याच्या शलाका धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. म्हणून प्रत्येक वेळी दोन्ही टोके धरून बाण अंगापासून दूर, हलकेच वाकवीत फिरवावा व कान द्यावा. करकर ऐकू आली की तो बाद. आज पाटावर बाण मांडण्यापूर्वीच ही परीक्षा करावी, आणि बाद झालेल्या बाणाचे टोक काढून घेऊन त्यावर ठळक खूण करावी, म्हणजे नजरचुकीने तो पुन्हा भात्यात जाणार नाही.