घरातला साप आणि शेजाऱ्यांची भीती

कुत्रा पाळणाऱ्याला शेजारी कुत्र्याची जात विचारतात. साप पाळणाऱ्याला पहिला प्रश्न येतो तो ‘सुटला तर?’ असा. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये साप पाळण्याचा छंद चांगलाच रुजला असला, तरी हा प्रश्न तेथेही चुकलेला नाही. जाणते छंदिष्ट त्यावर वाद घालत बसत नाहीत. ते पेटीचे कुलूप दाखवतात.

नवख्यांच्या घरी बहुधा प्रथम येतो तो ‘कॉर्न स्नेक’. अमेरिकेच्या आग्नेय भागातील हा साप बिनविषारी, साधारण दीड मीटरपर्यंत वाढणारा आणि शांत वृत्तीचा. मक्याच्या कोठारांत तो उंदरांच्या मागावर सापडे म्हणून हे नाव पडले असे सांगतात; पोटावरील चौकटी मक्याच्या रंगीत दाण्यांसारख्या दिसतात, हेही कारण दिले जाते. अंगावरील तांबूस ठिपक्यांमुळे मात्र लोक त्याला विषारी ‘कॉपरहेड’ समजून ठार मारतात. शेतकऱ्याचे उंदीर खाणारा प्राणी माणसाच्याच हातून मरावा, हे आपल्याकडील धामणीच्या बाबतीतही घडत आले आहे.

साप पाळणे म्हणजे मुख्यतः उष्णता सांभाळणे. सापाला शरीराचे तापमान आतून राखता येत नाही. त्यामुळे पेटीचे एक टोक सुमारे ३० अंश सेल्सिअस उबदार आणि दुसरे थंड ठेवावे लागते. कोठे बसायचे ते साप ठरवतो. लपायला आडोसा आणि प्यायला पाणी हवे. दुधाचा येथे काही संबंध नाही. प्रौढ सापाला आठ-दहा दिवसांतून एकदा गोठवलेला उंदीर कोमट करून दिला की पुरते. जिवंत उंदीर देणे टाळतात, कारण कोंडलेला उंदीरच सापाला चावून जखमी करू शकतो. झाकणाला बोटभर फट राहिली, तरी साप त्यातून निसटतो आणि शेजाऱ्यांची शंका खरी ठरते. हाताळण्याला साप सरावतो. मालकावर त्याचा जीव जडतो, हा समज मात्र भाबडा आहे. शिवाय हे प्रकरण पंधरा-वीस वर्षे चालणारे असते.

पैदाशीसाठी हिवाळ्यात दोन-तीन महिने या सापांना थंडाव्यात ठेवतात. त्या काळात त्यांना खाऊ घालत नाहीत, कारण थंड शरीरात अन्न पचत नाही. वसंतात मीलन झाल्यावर मादी डझन-दोन डझन अंडी घालते आणि त्यांच्याकडे पाठ फिरवते. आफ्रिकेतील ‘बॉल पायथन’ची मादी मात्र अंड्यांना वेटोळे घालून बसते. कॉर्न स्नेकची अंडी दमट भुशात सुमारे २८ अंशांवर ठेवली, की साधारण दोन महिन्यांनी वीतभर किंवा थोडी मोठी पिले बाहेर येतात. पहिली कात टाकल्यावरच ती खाऊ लागतात. काही पिले खाण्यास साफ नकार देतात, आणि पैदासकाराच्या संयमाची खरी परीक्षा तेथे होते.

या पैदाशीने विज्ञानालाही हातभार लावला. जॉर्जिया राज्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांनी नॉर्थ कॅरोलायनात १९५३ मध्ये सापडलेल्या एका रंगहीन कॉर्न स्नेकपासून पैदास करून हा दोष अप्रभावी जनुकातून येतो, हे दाखवले. नेहमीसारख्या दिसणाऱ्या दोन वाहकांच्या पिलांत सरासरी चारांत एक तसे निघते. काळे रंगद्रव्य नसल्याने ते केशरी-लाल दिसते. पुढे रंगांचा बाजारच उभा राहिला आणि त्याची किंमत सापांनी मोजली. ‘स्पायडर’ नावाच्या देखण्या बॉल पायथनची मान डळमळते. त्या नक्षीच्या जनुकाबरोबरच तोल जाण्याचा विकारही येतो. हे ठाऊक असूनही अशी पैदास करणे समर्थनीय नाही.

लोकांची भीती सर्वस्वी निराधार आहे, असेही नाही. फ्लोरिडात पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मी अजगर सुटले किंवा मालकांनी सोडून दिले, आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत ते कायमचे स्थिरावले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील रकूनचे दर्शन ९९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्याच वर्षी अमेरिकेने या अजगरांची आयात बंद केली. कॉर्न स्नेक बाळगणाऱ्यालाही लोकांच्या संशयातून ही झळ सोसावी लागते.

भारतातील चित्र निराळे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे येथील नाग, धामण किंवा अजगर घरी बाळगणे गुन्हा ठरते. आंतरराष्ट्रीय यादीतील बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजातींची नोंदणी कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक केली. तरीही चोरटी आयात होते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. या वाटेने आलेल्या सापाची ना नोंद असते, ना तो कोठे पैदा झाला याचा दाखला. आणि तो सुटला, तर मालकही पुढे येत नाही.