घरचा मुखत्यार

मुलांनो, 'मुख्तार' हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहे. मराठीत तो 'मुखत्यार' झाला. समजा, चिखली तालुक्यातील एक शेतकरी नोकरीसाठी सौदी अरबस्तानात गेला आहे. शेतीच्या कामासाठी त्याला वरचेवर बुलढाण्याला येता येत नाही. म्हणून तो धाकट्या भावाला मुखत्यारपत्र लिहून देतो. मग भाऊ कचेरीत जातो, अर्ज करतो, सही करतो. कचेरीला भाऊ दिसतो. मालक दूर असतो.

इंटरनेटवरही असा मुखत्यार असतो. त्याला 'प्रॉक्सी' म्हणतात. आपला संगणक संकेतस्थळाकडे थेट जात नाही. तो आपली मागणी प्रॉक्सीला सांगतो. प्रॉक्सी ती स्वतःच्या नावाने पुढे नेतो आणि आलेले उत्तर आपल्याला देतो. संकेतस्थळाला प्रॉक्सीचा पत्ता दिसतो, आपला नाही.

युरोपातील 'सर्न' या संशोधन संस्थेत 1994 साली असे प्रॉक्सी वापरात होते. भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. तेव्हा त्याचा वेग फार कमी होता. एकदा आणलेले पान प्रॉक्सी जपून ठेवी आणि दुसऱ्याने मागितले की तेच देई. त्यामुळे वेळ वाचे.

आता घरातील राउटर पाहू. घरातल्या यंत्रांना 192.168.1.5 अशांसारखे पत्ते असतात. ते घरापुरतेच चालतात. राउटर पाकिटावरचा हा पत्ता बदलून स्वतःचा पत्ता घालतो. प्रॉक्सी मात्र नवे पत्रच लिहितो. हा दोघांतील फरक आहे.

प्रॉक्सी जोडायला दोन गोष्टी लागतात : त्याचा पत्ता आणि पोर्टचा क्रमांक. पत्ता म्हणजे घर, तर पोर्ट म्हणजे त्याचा दरवाजा. 8080 किंवा 3128 हे क्रमांक पुष्कळदा आढळतात. राउटरच्या खालच्या बाजूला बहुधा त्याच्या मांडणीच्या पानाचा पत्ता लिहिलेला असतो. ते पान उघडून प्रथम कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. जुनी मांडणी वहीत उतरवून घ्यावी. मगच प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट भरावा. पुष्कळ साध्या राउटरमध्ये ही सोय नसते. अशा वेळी फोनच्या वाय-फाय मांडणीत किंवा संगणकात प्रॉक्सी भरता येतो. मग तो त्या एकाच यंत्रापुरता चालतो.

येथेच खरा विचार करायचा आहे. राउटरवर प्रॉक्सी बसवला, की अम्मीचा फोन, आपाचा अभ्यास आणि अब्बांचा बँकेचा व्यवहार, सारे त्याच्या हातून जाऊ लागते. प्रॉक्सी बंद पडला, तर घरभर इंटरनेट अडते. तेव्हा वहीतली जुनी मांडणी उपयोगी पडते.

पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असेल, तर पत्र मोहोरबंद असते. प्रॉक्सीला संकेतस्थळाचे नाव कळते, आतला मजकूर वाचता येत नाही. पण नुसते 'एचटीटीपी' असेल, तर तो सारे वाचू शकतो, बदलूही शकतो. 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' असा इशारा आला, तर तेथे थांबावे.

फुकट मिळणारे अनोळखी प्रॉक्सी पुष्कळ आहेत. ते कोण चालवतो, हे आपल्याला ठाऊक नसते. चिखलीच्या त्या शेतकऱ्याने बाजारात भेटलेल्या परक्या माणसाला मुखत्यारपत्र दिले असते का? नाही. त्याने भावाची निवड केली. आपणही घरच्या मोठ्यांना विचारावे, मुखत्यार पारखून घ्यावा आणि मगच घराचा कारभार त्याच्या हाती द्यावा.